रजोनिवृत्तीविषयक आरोग्यशिक्षण (शहापूर व मुरबाड तालुके)

रजोनिवृत्तीविषयक आरोग्यशिक्षण म्हणजे मासिक पाळी कायमची थांबण्याच्या काळात स्त्रीच्या शरीरात व मनात होणारे बदल, त्यांपैकी स्वाभाविक कोणते व धोक्याचे कोणते, आणि त्यांवर उपचार कोठे मिळतात, यांची माहिती स्त्रियांना व त्यांच्या कुटुंबीयांना देण्याचे कार्य होय. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण व डोंगराळ तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

पाळी थांबणे हा आजार नव्हे. मात्र त्याविषयीच्या अज्ञानातून दोन परस्परविरोधी चुका घडतात. एक, स्वाभाविक बदलाला आजार समजून गर्भाशय काढून टाकण्यासारखी अनावश्यक शस्त्रक्रिया केली जाते. दोन, पाळी थांबल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव यांसारखे गंभीर लक्षण "वयाचे आहे" म्हणून दुर्लक्षिले जाते. या दोन्ही चुका टाळणे हे या शिक्षणाचे मुख्य प्रयोजन आहे.

## संज्ञा

'रजोनिवृत्ती' हा शब्द संस्कृत 'रजस्' (मासिक स्राव) व 'निवृत्ती' (थांबणे) यांपासून झाला आहे. वैद्यकीय लिखाणात 'ऋतुनिवृत्ती' हा पर्यायी शब्दही आढळतो. सुश्रुतसंहितेत स्त्रीचा रजःकाल बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीला संपतो असा निर्देश आहे. युरोपात या अवस्थेला स्वतंत्र नाव १९व्या शतकाच्या आरंभी मिळाले. फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान याने १८२१ मध्ये रूढ केलेल्या संज्ञेवरून 'मेनोपॉज' हा इंग्रजी शब्द आला असून आज तो मराठी बोलण्यातही सर्रास वापरला जातो.

ग्रामीण भागात यांपैकी कोणताही शब्द सहसा वापरात नाही. 'पाळी जाणे', 'पाळी बंद होणे' किंवा नुसते 'बंद होणे' असे म्हटले जाते. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने बोलीतील आणखी काही शब्दप्रयोग महत्त्वाचे आहेत. 'अंगावर जाणे' हा प्रयोग अतिरक्तस्रावासाठी आणि पांढऱ्या स्रावासाठीही होतो. म्हणून 'लाल की पांढरे' हे विचारल्याशिवाय तक्रारीचा अर्थ लागत नाही. 'अंग बाहेर येणे' म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकणे. 'पिशवी' म्हणजे गर्भाशय आणि 'पिशवी काढणे' म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. पाळी थांबून वर्ष-दोन वर्षे लोटल्यावर रक्तस्राव झाल्यास 'पाळी परत आली' असे म्हटले जाते. या शेवटच्या शब्दप्रयोगात आजाराचे लक्षण सामान्य घटनेच्या नावाखाली झाकले जाते.

## शरीरशास्त्रीय पार्श्वभूमी

सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्याला गर्भधारणा, स्तनपान किंवा औषधे यांसारखे दुसरे कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. म्हणजेच तिचे निदान मागे वळून पाहूनच करता येते. चाळिशीनंतरच्या स्त्रीमध्ये त्यासाठी सहसा रक्ततपासणीची गरज नसते. अंडाशयांतील बीजकोश संपत आल्याने इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण घटते आणि पाळी थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बहुतेक स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती ४५ ते ५५ या वयात होते. भारतातील पाहण्यांत हे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे कमी, आढळले आहे. चाळिशीपूर्वी पाळी थांबल्यास तिला अकाली रजोनिवृत्ती म्हणतात व तिची वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. कुपोषण आणि धूम्रपान यांचा संबंध लवकर येणाऱ्या रजोनिवृत्तीशी जोडला जातो. दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेने काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ होते आणि तिचे त्रासही अचानक व तीव्र स्वरूपात सुरू होतात.

पाळी पूर्णपणे थांबण्यापूर्वीची काही वर्षे संक्रमणाची असतात. या काळात पाळी पुढे-मागे होते, कधी कमी तर कधी जास्त जाते. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घाम येणे, झोप मोडणे, चिडचिड, उदासी, धडधड, सांधेदुखी व थकवा ही नेहमीची लक्षणे होत. भारतीय स्त्रिया गरम वाफांपेक्षा अंगदुखी, सांधेदुखी व थकवा यांची तक्रार अधिक करतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. पुढील काळात योनीचा कोरडेपणा, लघवीची जळजळ, खोकताना लघवी सुटणे, हाडांची झीज आणि हृदयविकाराचा वाढता धोका हे प्रश्न उद्भवतात.

## प्रदेश व लोकजीवन

शहापूर हा क्षेत्रफळाने ठाणे जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ३.१४ लाख, तर मुरबाड तालुक्याची सुमारे १.९१ लाख होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात उरलेल्या आदिवासी लोकसंख्येचा मोठा भाग या दोन तालुक्यांत आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी या येथील प्रमुख आदिवासी जमाती असून त्यांपैकी कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटात समाविष्ट केलेली जमात आहे. कुणबी व आगरी समाजही येथे मोठ्या संख्येने आहे.

वस्ती गावांप्रमाणेच विखुरलेल्या पाड्यांत आहे. मुंबई–नाशिक महामार्ग व मध्य रेल्वेची कसारा शाखा शहापूर तालुक्यातून जाते. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही तिच्यावरील स्थानके होत. मुरबाडच्या रहिवाशांना रेल्वेसाठी कल्याण गाठावे लागते. सह्याद्रीच्या पायथ्याकडील पाड्यांतून तालुक्याच्या ठिकाणी येण्यास पायपीट, एसटी किंवा वडाप यांवर अवलंबून राहावे लागते व त्यात एका दिवसाची मजुरी बुडते.

रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रीच्या आरोग्याशी या प्रदेशातील श्रमजीवनाचा थेट संबंध आहे. पावसाळ्यात भाताची आवणी दिवसभर वाकून करावी लागते. लाकूडफाटा व पाणी डोक्यावरून आणण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियाच करतात. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा (१८९२) व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात असले, तरी उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते. संक्रमणकाळात पाळी अधिक जात असताना स्वच्छतेसाठी पाणी अधिक लागते आणि तेच पाणी डोक्यावरून वाहून आणावे लागते. ज्या स्त्रीचे अंग बाहेर येते, तिचा त्रास या ओझ्याने वाढतो.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षातील निम्मा काळ ती स्वतःच्या गावच्या आरोग्यसेविकेच्या यादीबाहेर असतात.

पाळीतील शिवताशिवत पाळणाऱ्या कुटुंबांत पाळी थांबणे हे सुटकेसारखे वाटते. देवकार्य, स्वयंपाक, पाणवठा यांवरील बंधने गळून पडतात आणि जाणती बाई म्हणून तिला मान मिळतो. या स्वागतशील दृष्टीमुळे रजोनिवृत्तीची भीती कमी राहते. तथापि, "सुटलो एकदाचे" या भावनेमुळे त्यानंतर उद्भवणाऱ्या तक्रारी सांगण्याचे प्रयोजनच उरले नाही, असा समजही दृढ होतो.

## आरोग्यव्यवस्थेतील स्थान

दोन्ही तालुक्यांत उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे जाळे आहे. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. पुढील उपचारांसाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईतील रुग्णालये गाठावी लागतात.

स्त्री-आरोग्याचे शासकीय कार्यक्रम प्रामुख्याने किशोरावस्था, गर्भारपण, बाळंतपण व कुटुंबनियोजन यांभोवती उभे राहिले. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेली अस्मिता योजना सॅनिटरी पॅडशी संबंधित होती. म्हणजे पाळी सुरू होण्याविषयी बोलण्यासाठी शाळा, अंगणवाडी व योजना यांचा आधार निर्माण झाला. पाळी थांबण्याविषयी बोलण्यासाठी मात्र तसा स्वतंत्र कार्यक्रम दीर्घकाळ नव्हता.

मोजणीतही ही सीमारेषा दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुलाखती घेतल्या जाणाऱ्या स्त्रिया १५ ते ४९ या वयोगटातील असतात. पाचव्या पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील या वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पण पन्नाशीपुढील स्त्रियांचे प्रमाण त्या पाहणीतून कळत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' मोहिमेच्या लाभार्थी गटांतही प्रौढ स्त्रियांची वयोमर्यादा ४९ वर्षे आहे. पंचेचाळिशीपुढील व्यक्तींची देशव्यापी माहिती मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या भारतीय वार्धक्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीत (२०१७–१८) गोळा झाली.

अलीकडच्या दोन उपक्रमांमुळे या वयातील स्त्री आरोग्यव्यवस्थेच्या नजरेत येऊ लागली. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत (२०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर') रूपांतर झाले व तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. तिशीपुढील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा सेविकेने भरावयाच्या तपासणी-सूचीत स्त्रियांसाठी काही स्वतंत्र प्रश्न आहेत. स्तनात गाठ आहे काय, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते काय, पाळी थांबल्यानंतर रक्त जाते काय, संबंधानंतर रक्त जाते काय आणि स्रावाला दुर्गंधी आहे काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. दुसरा उपक्रम म्हणजे महाराष्ट्र शासनाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नवरात्राच्या आरंभी, सुरू केलेले 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान. त्यात १८ वर्षांवरील सर्व स्त्रियांची तपासणी करण्यात आली.

## महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

शरीर व लैंगिकता यांविषयी मराठीतून उघडपणे बोलण्याची परंपरा रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) या मासिकाने घालून दिली. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने स्त्रियांच्या अनुभवकथनाला व्यासपीठ दिले. तथापि, ही माध्यमे वाचणाऱ्यांपुरती होती. शहापूर–मुरबाडमधील पन्नाशीपुढील असंख्य स्त्रियांना शाळेची संधी मिळालेली नसल्याने छापील साहित्य त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

शिक्षण घेणाऱ्याच्या अंगणात शिक्षण नेण्याची कल्पना जुन्या ठाणे जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम केले, त्यातून 'अंगणवाडी' ही संकल्पना आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्याचा प्रयोगही तेथे झाला. हे काम बालकांसाठी असले, तरी शिकणाऱ्याचे काम न मोडता शिक्षण देण्याचे त्याचे तत्त्व प्रौढ स्त्रियांच्या आरोग्यशिक्षणालाही लागू पडते.

ग्रामीण स्त्रीच्या न बोललेल्या आजारांचे शास्त्रीय मोजमाप प्रथम गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे तीत आढळले, तर त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे स्त्री-आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन नव्हे, ही बाब जगापुढे आली. स्त्रियांच्या अशाच अनुभवांवर आधारलेले राणी बंग यांचे 'कानोसा' हे पुस्तक मराठीत परिचित आहे.

आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याची प्रक्रिया राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद व पुणे यांच्यासह ठाणे हा त्यांपैकी एक होता. गावपातळीवरील समित्या आणि जनसुनवाया यांमुळे औषधे मिळत नाहीत किंवा तपासणी होत नाही, अशा तक्रारी अधिकाऱ्यांसमोर मांडण्याची पद्धत रुळली.

## शिक्षणाचा आशय

### स्वाभाविक बदल

पहिला भाग स्त्रीला धीर देणारा असतो. पाळी अनियमित होणे, अंगातून वाफा येणे, झोप मोडणे किंवा मन अस्वस्थ होणे हे वेड किंवा करणी यांचे लक्षण नसून संप्रेरकांतील बदलाचा परिणाम आहे, हे समजावून सांगितले जाते. गरम वाफा काही मिनिटे टिकतात. काही स्त्रियांना त्या अनेक वर्षे येत राहतात. सैल सुती कपडे, रात्री उशाशी पाणी, चहा व तिखट कमी करणे अशा साध्या उपायांनी सौम्य त्रास आटोक्यात राहतो. पाळी लांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे नव्हे. नसबंदी झालेली नसेल, तर पन्नाशीपूर्वी शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे व पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

### धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास विलंब न करता तपासणी आवश्यक असते :

* पाळी थांबून बारा महिने झाल्यावर होणारा कोणताही रक्तस्राव, मग तो केवळ डाग असला तरी;
* संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये होणारा रक्तस्राव;
* गाठी पडणारा किंवा सात दिवसांहून अधिक चालणारा रक्तस्राव, चक्कर व धाप;
* दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पांढरा स्राव;
* स्तनात गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा त्वचेत खळगा;
* पोट फुगणे व भूक मंदावणे ही दीर्घकाळ टिकणारी तक्रार.

रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे दहात एकीला गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये कारण साधे असते; परंतु ते तपासणीशिवाय ठरवता येत नाही. हा कर्करोग लवकर ध्यानात आल्यास बहुधा बरा होतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी असून सरकारी केंद्रांत ती गर्भाशयमुखास सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून केली जाते. रजोनिवृत्तीनंतर तपासावयाचा भाग आत सरकत असल्याने ही चाचणी पूर्वीइतकी भरवशाची राहत नाही. म्हणूनच ती पाळी चालू असतानाच करून घेण्यावर भर दिला जातो.

### आहार व हाडे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये रजोनिवृत्त स्त्रीसाठी दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. दूध मुबलक नसलेल्या पाड्यांवर स्थानिक अन्न उपयोगी पडते. १०० ग्रॅम नाचणीत (स्थानिक बोलीत 'नागली') सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, शेवग्याचा पाला, टाकळ्यासारख्या रानभाज्या आणि काट्यांसह खाल्ली जाणारी सुकी मासळी हेही कॅल्शियमचे स्रोत होत. डोंगरउतारावरील नागली व वरईच्या लागवडीची जागा रेशनच्या तांदळाने घेतल्यास ताटातील कॅल्शियमही घटते, हा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. शेतावर राबणाऱ्या स्त्रीला वेगळ्या व्यायामाचे प्रयोजन कमी असते; तिला विश्रांती, पुरेसे अन्न आणि ओझे कमी करणे यांची अधिक गरज असते. मिश्री, तंबाखू व विडी सोडणे हाही या शिक्षणाचा भाग आहे.

### लघवी, अंग बाहेर येणे व वैवाहिक संबंध

खोकताना लघवी सुटणे व अंग बाहेर येणे या तक्रारी संकोचामुळे सर्वांत उशिरा सांगितल्या जातात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम बसल्या जागी, कोणाच्याही लक्षात न येता करता येतो. अंग बाहेर आल्यास योनीत बसवायची कडी हा शस्त्रक्रियेविना उपलब्ध असलेला उपाय आहे. कोरडेपणामुळे संबंध वेदनादायी होतात, ही बाब पतीलाही समजणे आवश्यक असल्याने पुरुषांच्या स्वतंत्र बैठकांची शिफारस केली जाते.

### संप्रेरक उपचार

तीव्र त्रासावर संप्रेरक उपचार परिणामकारक आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्या धोक्यांविषयी भीती पसरली. पुढील विश्लेषणानंतर साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आतील निरोगी स्त्रियांमध्ये लाभ सहसा धोक्यापेक्षा अधिक असतो, असे मत स्थिरावले. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास हे उपचार सहसा देत नाहीत. गर्भाशय असलेल्या स्त्रीस केवळ इस्ट्रोजेनच्या गोळ्या न देता जोडीला प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध द्यावे लागते.

## गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया

चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५–१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रियेच्या वेळचे त्यांचे मध्यक वय केवळ ३४ वर्षे होते. महाराष्ट्रात हा प्रश्न २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या निमित्ताने ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. पाळीमुळे मजुरी बुडणे, कर्करोगाची दाखवलेली भीती आणि इतर उपचारांची माहिती नसणे, ही त्यामागील कारणे म्हणून चर्चिली गेली.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला.

बीडच्या स्त्रियांप्रमाणे वीटभट्टीवरील स्त्रियाही हंगामी स्थलांतर व अंगावर घेतलेली उचल यांच्या चक्रात असतात. त्यामुळे शहापूर–मुरबाडच्या संदर्भातही हा विषय आरोग्यशिक्षणात महत्त्वाचा मानावा लागतो. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास स्त्रीने विचारावयाचे प्रश्न पुढीलप्रमाणे सांगितले जातात : नेमका आजार कोणता? सोनोग्राफी किंवा गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झाली आहे काय? गोळ्या किंवा संप्रेरकयुक्त तांबी यांनी भागेल काय? अंडाशये ठेवणार की काढणार? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येईल काय? सर्व कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा आग्रहही धरला जातो. कारण गर्भाशयासोबत अंडाशये काढली की नाही, हे अनेक स्त्रियांना ठाऊक नसते.

काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक व जीवदान देणारी असते. म्हणून शिक्षणाचा रोख शस्त्रक्रियेला सरसकट विरोध करण्याकडे नसून स्त्रीने समजून-उमजून संमती देण्याकडे असतो.

## पद्धती व माध्यमे

अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी चित्रतक्ते, कापडावर शिवलेली अवयवांची आकृती व 'शरीराचा नकाशा' ही साधने वापरली जातात. शरीराच्या नकाशात स्त्रिया स्वतःच जमिनीवर किंवा कागदावर शरीराची बाह्यरेषा काढून आतील अवयव त्यांच्या कल्पनेप्रमाणे भरतात व नंतर त्यावर चर्चा होते. पाळीची नोंद ठेवण्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दिवशी कुंकवाचे बोट किंवा टिकली लावता येते. पुढे डॉक्टरांना दाखवण्यासाठी हाच पुरावा उपयोगी पडतो.

बैठकीसाठी वेळ व जागा यांची निवड निर्णायक ठरते. आवणी व कापणीच्या दिवसांत स्त्रिया येऊ शकत नाहीत. आवणी संपल्यानंतरचा काळ तुलनेने मोकळा असतो, तर स्थलांतरित कुटुंबांना दिवाळीपूर्वी गाठावे लागते किंवा वीटभट्टीवर जावे लागते. बचत गटाची मासिक बैठक, अंगणवाडीतील ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस आणि आठवडी बाजार ही एकत्र येण्याची प्रस्थापित ठिकाणे होत. 'उमेद' अभियान तसेच महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) यांच्याशी जोडलेल्या बचत गटांत या वयाच्या स्त्रियांचा सहभाग लक्षणीय असतो.

माहिती देणारी व्यक्ती कोण, यावरही परिणाम अवलंबून असतो. आशा सेविका त्याच गावची असल्याने विश्वासाची असते. परंतु बहुधा वयाने लहान असल्याने सासूच्या वयाच्या बाईशी या विषयावर बोलताना तिलाच संकोच वाटतो. गुपित गावात फुटेल, ही भीतीही असते. यासाठी पाड्यावरील जाणत्या स्त्रिया व सुईणी यांना सोबत घेण्याची पद्धत उपयुक्त ठरते. वारली, कातकरी व ठाकरी बोलींतील शब्द वापरल्यास प्रश्न विचारले जाण्याची शक्यता वाढते.

## अडचणी व मर्यादा

केवळ माहिती दिल्याने उपचार मिळत नाहीत. रक्तस्राव धोक्याचा आहे हे कळलेल्या स्त्रीला पुढे सोनोग्राफी, स्त्रीरोगतज्ज्ञ व प्रयोगशाळा यांची गरज भासते. या सोयी तालुक्याच्या ठिकाणी किंवा त्याहून दूर असतात. तपासणीसाठी स्त्री डॉक्टर नसल्यास अनेक जणी परत फिरतात. प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणारे माणूस यांचा खर्च मोफत उपचारातही टळत नाही.

आशा सेविकांवर माता-बाल आरोग्य, लसीकरण, क्षयरोग व विविध सर्वेक्षणे यांचा भार असून त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामानुसार मिळतो. ज्या कामाला स्वतंत्र मोबदला नाही, ते मागे पडण्याची शक्यता असते. तपासणी-सूचीतील पाळी थांबल्यानंतरच्या रक्तस्रावाचा प्रश्न पुरुषांसमोर, दारात उभ्याने विचारला गेल्यास उत्तर 'नाही' असेच येते; तोच एकांतात, बोलीतील शब्दांत विचारल्यास त्याचे उत्तर निराळे येऊ शकते. त्यामुळे सूची भरली जाणे आणि स्त्रीचे म्हणणे ऐकले जाणे यांत फरक करावा लागतो.

अविवाहित, विधवा, परित्यक्ता व अपत्यहीन स्त्रिया माता-बाल आरोग्याच्या यादीत कधीच येत नाहीत. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पाळी थांबण्याची खूण मिळत नसल्याने त्यांची रजोनिवृत्ती लक्षातच येत नाही. या दोन्ही गटांपर्यंत पोहोचण्यासाठी गर्भारपणाच्या नोंदीऐवजी वयाच्या नोंदीवर आधारलेली यादी आवश्यक ठरते.

## जागतिक रजोनिवृत्ती दिन

दरवर्षी १८ ऑक्टोबर हा दिवस जागतिक रजोनिवृत्ती दिन म्हणून पाळला जातो. भारतात या विषयावर काम करणाऱ्या इंडियन मेनोपॉज सोसायटी या तज्ज्ञांच्या संघटनेची स्थापना १९९५ मध्ये झाली. हा दिवस भातकापणीच्या व दिवाळीच्या सुमारास येतो. शहापूर–मुरबाडच्या पाड्यांवरून वीटभट्टीकडे जाणारी कुटुंबे त्यानंतर लवकरच गाव सोडत असल्याने, स्थलांतरापूर्वी या स्त्रियांना भेटण्याची ती अखेरची संधी असते.

## हे सुद्धा पहा

* मासिक पाळी
* गर्भाशयमुखाचा कर्करोग
* अस्थिसुषिरता
* आशा सेविका
* शहापूर तालुका
* मुरबाड तालुका
* कातकरी